शोकाच्या साक्षी वाचताना

वाचन : ईयोब 1:13-22 व 42:10-17, स्तोत्र 88, योहान 11:17-37.

हुबळीच्या आमच्या मंडळीतील एका आईचा तरुण मुलगा अपघातात गेला. सांत्वनाला जाताना आम्ही एक पुस्तक बरोबर नेले. परदेशातील एका बाईंनी आपला मुलगा वारल्यावर लिहिलेली ती साक्ष. इंग्रजीवरून मराठीत आणलेली. महिन्याभराने त्या माउलीने पुस्तक परत केले. म्हणाल्या, "भाऊ, या बाईंना पाचव्या प्रकरणात शांती मिळाली. मला अजून रात्री झोप येत नाही. माझा विश्वास कमी पडतो का?" आम्ही ईश्वरविज्ञानाची पदविका घेतलेले, पंधरा वर्षे उपदेश करीत आलेले, पण आम्हांला उत्तर सुचले नाही. प्रार्थना करून निघून आलो.

पुढे आम्ही अशी आणखी काही पुस्तके मुद्दाम वाचली. त्यांची ठेवण बहुधा एकच. सुखी घर, मग आघात, देवावर रुसवा, एक निर्णायक रात्र, नंतर शांती; आणि अखेरीस त्या मृत्यूतून उभे राहिलेले एखादे सेवाकार्य. लिहिणारे खोटे बोलतात असे आम्ही म्हणत नाही. परंतु पुस्तकाला शेवटचे पान असावे लागते, शोकाला ते नसते. वाचणारा दुःखी मनुष्य मात्र त्या पानांवरून आपल्या विश्वासाचे माप घेऊ लागतो.

स्पॅफर्ड यांची गोष्ट आपल्या व्यासपीठांवरून पुष्कळदा सांगितली जाते. 1873 साली जहाज बुडून त्यांच्या चार मुली गेल्या, आणि त्या दुःखात त्यांनी प्रसिद्ध गीत लिहिले. येथे गोष्ट थांबते. 1880 साली त्यांचा लहान मुलगाही तापाने गेला, पुढे त्यांचे आपल्या मंडळीशी जमेना, आणि 1881 साली ते कुटुंबासह यरुशलेमेस निघून गेले, हे कोणी सांगत नाही. आम्हीही कधी सांगितले नव्हते.

ईयोबाचेही आपण असेच करतो. "देवाने सर्व दुप्पट दिले," असे शिकवून धडा संपवितो. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी हा हिशेब एकदा फळ्यावर मांडून पाहावा. मेंढरे 7,000 होती, ती 14,000 झाली. उंट 3,000 चे 6,000. मुलगे मात्र 7 होते ते पुन्हा 7, आणि मुली 3 च्या 3. पहिली दहा देवाजवळ आहेत म्हणून तीही दुप्पटच, असा खुलासा काही जण करतात. खुलासा गोड आहे, पण त्या अध्यायात तो नाही. अध्यायात एवढेच दिसते की सोयरेधायरे आले, त्याच्या घरी जेवले, आणि त्यांनी त्याचे सांत्वन केले. म्हणजे सारे परत मिळाले तरी सांत्वनाची गरज उरली होतीच.

परक्या पुस्तकांकडे धावताना आपण घरचे विसरतो. 10 फेब्रुवारी 1895 रोजी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा 1900 साली झाला. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग प्रसिद्ध झाला तो 1934 साली. टिळकांना जाऊन तेव्हा पंधरा वर्षे लोटली होती. इतक्या काळाने लिहितानाही त्या बाईंनी तो आक्रोश सौम्य केला नाही, टिळकांचा तापटपणा झाकला नाही, आणि त्या दुःखाची पुढच्या बाप्तिस्म्यासाठी पायरीही केली नाही. शिवाय हसवतात! आमच्या मते दुःखिताच्या हाती द्यायचे झाले तर हे पुस्तक द्यावे, आणि तेही पहिले वर्ष जाऊ द्यावे.

शिक्षकबंधुभगिनींनो, योहानाच्या 11 व्या अध्यायात मार्था व मरिया दोघीही एकच गाऱ्हाणे करतात : तू येथे असतास तर भाऊ मेला नसता. प्रभू दोघींपैकी कोणालाही अविश्वासी म्हणत नाही. लाजराला आपण उठविणार हे ठाऊक असूनही तो रडतो. वर्गात हे वचन घाईने ओलांडू नये. ज्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे, त्या घरच्या माणसाला उपासनेत उभे करून साक्ष मागण्याची आपल्याकडची रीतही आम्हांला बरी वाटत नाही.

त्या माउलीकडे आम्ही पुन्हा गेलो. या वेळी पुस्तक नेले नाही. स्तोत्र 88 वाचले. ते अंधारापाशी येऊन थांबते, पुढे एकही आशेची ओळ नाही. त्या म्हणाल्या, "इथेच संपतं?" आम्ही म्हणालो, "होय, इथेच." काही वेळ त्या गप्प बसल्या. मग उठून आतून मुलाचे फोटो घेऊन आल्या.