नकाराची क्रियापदे

कुरखेड्याच्या रानात सागाचे एक झाड तोडलेले आढळले, अशी कल्पना करा. वनरक्षकाने विचारता एक गावकरी सांगतो, 'हे झाड तोडणारा मी नव्हे.' जबाब उतरून घेणाऱ्याने त्याऐवजी 'मी झाडे तोडत नाही' असे लिहिले, तर केवढा अर्थभेद होईल! पहिल्या वाक्यात झाड कोणीतरी तोडले हे मान्य आहे. तो मनुष्य आपण नव्हे, एवढेच गावकऱ्याचे म्हणणे. दुसऱ्या वाक्यात मात्र त्याच्या नित्याच्या वर्तनाची ग्वाही आली. पुढे त्याने स्वतःच्या बांधावरील बाभूळ तोडली असल्याचे कोणी दाखविले, तर तो निष्कारण खोटा ठरावयाचा.

'नव्हे' आणि 'नाही' यांना व्याकरणात नकारार्थी सहायक क्रियापदे म्हणतात. 'नाही' हे केवळ अव्यय असते, तर ते बदलले नसते. पण ते बदलते. 'तू जातोस' याचा नकार 'तू जात नाहीस' असा होतो. 'जातोस' यातील पुरुष दाखविणारा 'स' तेथून निघून 'नाही'ला जाऊन चिकटला, हे ध्यानात घ्या. 'ते जातात' याचे 'ते जात नाहीत' होते. भूतकाळातही तसेच : 'तू गेलीस', 'तू गेली नाहीस'. लिंग मुख्य क्रियापदाजवळ राहिले, पुरुष मात्र नकाराकडे गेला. भविष्यकाळी 'जाशील' हे रूपच टिकत नाही. 'जाणार नाहीस' असे म्हणावे लागते.

आज्ञेचा नकार निराळा. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालील पाचोळा पेटवितात आणि त्यातून कधी कधी वणवा लागतो. अशा वेळी बाप मुलाला म्हणेल, 'पाचोळा पेटवू नको.' ग्रामसभेच्या फलकावर मात्र 'पाचोळा पेटवू नये' असे असेल. 'नको' मध्ये सांगणाऱ्याची इच्छा आहे. 'नये' मध्ये सर्वांस लागू असलेले औचित्य आहे. (नुसता 'चहा नको' म्हटले की 'नको' हे 'हवा'च्या उलट होते, तो प्रकार वेगळा.)

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेस सिरोंच्याकडे तेलुगू बोलली जाते. तिच्यात 'मी नाही' याला लेनु, 'तू नाहीस' याला लेवु आणि 'तो नाही' याला लेडु म्हणतात. म्हणजे पुरुषभेद दाखविण्यात ती मराठीच्याही पुढे आहे. याउलट 1887 साली झामेनहोफ यांनी रचलेल्या एस्परांतो या कृत्रिम भाषेत एकच 'ने' सर्वत्र चालतो. 'मी ने इरास' म्हणजे 'मी जात नाही'; तेथेही 'मी'चा अर्थ मीच! 'वी ने इरास' म्हणजे 'तू जात नाहीस'. 'ने' जागचा हलत नाही, म्हणून शिकणाऱ्यास तो सोपा जातो. पण 'नको' व 'नये' यांतील भेद त्या एकट्या 'ने'ने दाखविता येत नाही.

अभ्यास : 'हे मोहाचे झाड नाही' आणि 'हे मोहाचे झाड नव्हे' यांपैकी कोणते वाक्य अधिक काटेकोर आहे, ते कारण देऊन सांगा. 'तुम्ही रानात जावे' याचे नकारार्थी वाक्य करा.