नौकेच्या इंजिनाची अश्वशक्ती : जाहिरातीतील व प्रत्यक्षातील

सातपाटी, हर्णै, रत्नागिरी, मालवण इत्यादी बंदरांतून निघणाऱ्या यांत्रिक नौकांची सारी भिस्त इंजिनावर असते. इंजिनासाठी कर्ज काढताना बहुधा एकच आकडा पाहिला जातो, तो म्हणजे अश्वशक्ती. परंतु जाहिरातीत दिलेली शक्ती नौकेच्या पंख्यापर्यंत पोहोचतेच असे नाही. हा आकडा खोटाच असतो असे नव्हे. तो कोठे, कोणत्या परिस्थितीत व किती वेळासाठी मोजला, हे पुष्कळदा सांगितलेले नसते. अपुऱ्या शक्तीचे इंजीन पदरी पडल्यास डिझेल अधिक जळते, इंजीन लवकर झिजते आणि वारा उलटल्यास बंदर गाठणे कठीण होते.

अश्वशक्ती म्हणजे काय?

७५ किलोग्रॅम वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्यास लागणारी शक्ती म्हणजे एक मेट्रिक अश्वशक्ती होय. ब्रिटिश अश्वशक्ती याहून किंचित मोठी आहे. एक किलोवॉट म्हणजे १.३६ मेट्रिक किंवा १.३४ ब्रिटिश अश्वशक्ती. म्हणून दोन इंजिनांची तुलना करताना दोहोंचे आकडे किलोवॉटमध्ये घ्यावेत.

शक्ती कोठे खर्च होते?

१. मोजण्याची जागा : इंजिनाची शक्ती कारखान्यात क्रँकशाफ्टवर मोजतात. त्या वेळी पाण्याचा पंप, अल्टरनेटर इत्यादी जोडभाग बसविलेले नसतील तर आकडा मोठा येतो. अमेरिकेत मोटारींच्या जाहिरातींत असाच आकडा देण्याची प्रथा होती. १९७२ सालच्या मोटारींपासून तेथे जोडभागांसह मोजलेली शक्ती देण्यास सुरुवात झाली, तेव्हा तेच इंजीन असूनही आकडे बरेच खाली आले.

२. मोजण्याचा काळ : काही इंजिनांची कमाल शक्ती बारा तासांत एकच तास घ्यावयाची असते. ती अखंड शक्तीहून साधारणतः १० टक्के अधिक असते. जाळे तासन्‌तास ओढणाऱ्या नौकेला अखंड शक्तीच उपयोगी पडते.

३. हवा : चाचणी बहुधा २५ अंश सेल्सिअस तपमानाच्या हवेत झालेली असते. नौकेच्या इंजीनघरात हवा ४५ अंशांपर्यंत तापली तर तेवढ्याच जागेत मावणाऱ्या हवेचे वजन सुमारे ६ टक्क्यांनी घटते. हवा कमी मिळाली की शक्तीही उतरते.

४. गिअर व शाफ्ट : गिअर बॉक्समध्ये सुमारे ३ ते ५ टक्के आणि शाफ्टच्या बेअरिंगमध्ये आणखी एक-दोन टक्के शक्ती खर्ची पडते.

उदाहरणार्थ, एका तासासाठी १०० अश्वशक्ती देणारे इंजीन घेतल्यास त्याची अखंड शक्ती सुमारे ९१ भरते. जोडभागांसाठी ४ वजा केल्यास ८७ आणि गिअर व शाफ्टसाठी ६ टक्के वजा केल्यास सुमारे ८२ अश्वशक्ती पंख्याला मिळते. पंखा तरी ती सारी पुढे ढकलण्याकडे कोठे लावतो? मासेमारी नौकेचा पंखा निम्म्याच्या आसपास शक्तीचे कामात रूपांतर करतो. उरलेली पाणी घुसळण्यात जाते.

फेऱ्यांचे महत्त्व

जाहिरातीतील शक्ती ठराविक फेऱ्यांवरच मिळते. पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे फेऱ्या ८० टक्क्यांवर आणल्या की पंखा जवळजवळ निम्मीच शक्ती घेतो. पंखा प्रमाणाबाहेर मोठा असेल तर इंजीन पूर्ण फेऱ्या गाठू शकत नाही, काळा धूर सोडते व तापते. अशा वेळी दोष नेहमी इंजिनाचाच नसतो, हे ध्यानात ठेवावे.

खरेदीपूर्वी काय करावे?

(अ) अखंड शक्ती किती, किती फेऱ्यांवर, क्रँकशाफ्टवर की पंख्याच्या शाफ्टवर मोजलेली, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

(आ) बर्फ, जाळी व डिझेल भरलेल्या नौकेवर चाचणी घ्यावी. इंजीन ठरलेल्या फेऱ्या गाठते की नाही, हे फेऱ्या मोजण्याच्या यंत्रावर पाहावे.

(इ) पूर्ण भारावर तासाला किती डिझेल लागते ते मोजावे. चांगले डिझेल इंजीन एका लिटरमध्ये तासभर सुमारे ५ अश्वशक्ती देते. तेव्हा पूर्ण भारावर तासाला ८ लिटरच जाळणारे इंजीन ४० अश्वशक्तीच्या आसपासच काम करीत आहे, असे समजावे. मग जाहिरातीत आकडा कोणताही असो.

विहिरीवरील डिझेल इंजिनासही हेच हिशेब बहुतांशी लागू पडतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी कर्जाचे अर्ज भरून घेताना वरील माहिती मच्छीमार व शेतकरी बांधवांना समजावून द्यावी. कर्ज जाहिरातीतील आकड्यावर काढले जाते, पण ते फेडावयाचे असते प्रत्यक्ष मिळणाऱ्या शक्तीच्या बळावर.