लेबलसाठी आयडिया कुठे शोधायची? कोकमाचं एक उदाहरण

लेबलचा विषय निघाला की बहुतेक जण आधी काय करतात? पिंटरेस्ट उघडतात, नाहीतर कॅनव्हावरचं एखादं तयार टेम्प्लेट उचलतात. अडचण अशी की शेजारच्या स्टॉलवाल्यानेही तेच उचललेलं असतं. दोन्ही टेबलांवर तीच हिरवी पानं, तोच गोल. मग गिऱ्हाईक पुढच्या वेळी तुमचीच बाटली कशी ओळखणार? शिवाय कॅनव्हाच्या नियमांनुसार त्यांच्या लायब्ररीतलं तयार चित्र लोगोत वापरलं, तर तो लोगो ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येत नाही. धंदा वाढल्यावर हे महागात पडतं.

मग बघायचं कुठे? आधी तुमच्या मालाकडेच बघा.

समजा तुम्ही कोकम आगळ विकता. एक पिकलेला रातांबा घ्या आणि आडवा कापा. बाहेर जाड लाल साल, आत पांढरट गर आणि मधोमध चाकाच्या आऱ्यांसारख्या मांडलेल्या बिया. झालं की, तुमच्या लोगोचा कच्चा आराखडा समोर आहे! रंगही तिथेच मिळतात: ताज्या फळाचा लाल, वाळलेल्या आमसुलाचा काळपट जांभळा, झाडाच्या कोवळ्या पालवीचा तांबूस आणि गराचा पांढरट.

आता फोटो काढा, पण खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली रंग फसवतात. फोटोवर साधा पातळ कागद ठेवून स्केचपेनने बाहेरची रेघ आणि बिया गिरवा. मग एकेक रेघ कमी करत जा. पाच-सहा वेळा काढलंत की शेवटी एक गोल आणि आत सहा थेंब एवढंच उरेल. ते फक्त काळ्या रंगात, दीड सेंटीमीटर आकारात छापून बघा. ओळखू आलं तर पास. असं चिन्ह रबरी शिक्क्यावरही चालतं, म्हणजे कागदी पिशव्या वेगळ्या छापून घ्यायचा खर्च वाचतो.

एक गोष्ट इथे हमखास चुकते. आगळाची बाटली मुळातच गडद दिसते. त्यावर जांभळं लेबल लावलं की दुरून काहीच दिसत नाही. म्हणून पार्श्वभूमी गराच्या पांढरट रंगाची ठेवा आणि गडद रंग अक्षरांना द्या. मोबाईलच्या स्क्रीनवर रंग उजेडाने तयार होतो, कागदावर शाईने, त्यामुळे स्क्रीनवरचा झगझगीत लाल छापल्यावर मंद होतो. हजार स्टिकर सांगण्याआधी त्याच कागदावर एक नमुना मागाच. नमुन्याचे थोडे पैसे गेले तरी चालतील.

खाद्यपदार्थ नसेल तरी पद्धत हीच. शिवणकाम करत असाल तर पैठणीचा नारळी काठ बघा, जुन्या घरातली फरशी बघा, लाकडी खिडकीची जाळी बघा. अक्षरांसाठी कमल शेडगे यांनी केलेली मराठी नाटकांची शीर्षकं शोधून पाहा. नाटकाचा मूड ते अक्षरांच्या वळणातूनच दाखवायचे.

वारलीबद्दल मात्र थोडं स्पष्ट बोलतो. लोणचं असो की साबण, सगळ्यांवर वारली माणसं नाचताना दिसतात. त्या चित्रांतला त्रिकोण डोंगर-झाडांवरून आणि गोल सूर्य-चंद्रावरून आला असं सांगतात. म्हणजे वारली कलाकारांनी स्वतःच्या परिसराकडे बघितलं. जिव्या सोमा म्हसे यांना या कलेसाठी 2011 साली पद्मश्री मिळाली, आणि वारली चित्रकलेला जीआय टॅगही आहे. तुम्हाला खरंच वारली हवी असेल तर वारली कलाकाराकडून चित्र करून घ्या, त्याचे पैसे द्या आणि लेबलवर त्याचं नाव टाका. नेटवरून उचलू नका.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या कच्च्या मालाचे दहा फोटो. अख्खा, कापलेला, वाळलेला, भिजवलेला, अगदी जवळून. त्यातला एक निवडा आणि वर सांगितल्याप्रमाणे गिरवा. चित्र घरच्यांना नाही, अनोळखी गिऱ्हाइकाला दाखवा आणि फक्त एवढंच विचारा, "हे काय वाटतं?"