कुत्र्याच्या पंजाची जखम
कुत्र्याची जीभच त्याचे औषध होय, असा पुष्कळांचा समज आहे. परंतु तो खरा नव्हे. सतत चाटल्याने जखम ओली राहते, नवी त्वचा खरवडली जाते व तोंडातील जंतू आत शिरून पू होतो. सबब आम्ही सुचवितो की, अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चहाचा एक चमचा मीठ घालून पंजा धुवावा, तो कोरडा करून स्वच्छ फडके सैल बांधावे व रोज बदलावे. गळ्यात पुठ्ठ्याचे नरसाळे अडकवावे, म्हणजे तोंड पंजापर्यंत पोहोचत नाही. फिनेल किंवा रॉकेल कदापि लावू नये. ते चाटल्यास विषबाधा होते. सूज वा दुर्गंधी आढळल्यास गुरांच्या दवाखान्यात न्यावे. मुक्या प्राण्याचे दुःख धन्यानेच ओळखावयाचे असते.