चेरीचा जॅम आणि डोंगरची काळी मैना

गृहअर्थशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी प्रत्येकीने फळांचा एक टिकाऊ पदार्थ करून आणायचा होता. मी पुस्तक चाळून चेरीचा जॅम निवडला. नाव ऐटदार वाटले, एवढेच कारण! खामगावच्या बाजारात चेरी मागितली तेव्हा दुकानदाराने एक डबा पुढे केला. त्यात पाकात घोळलेले लालभडक गोळे होते. केकवर नि मसाला पानावर बसते तीच ही चेरी. घरी आणून एक गोळा कापून पाहिला. चेरीत एकच टणक आठळी असते असे पुस्तकात लिहिले होते. येथे आठळी नव्हती आणि चवही नुसत्या साखरेची. बाईंना विचारले तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "अगं, हे तर करवंद!"

बेकरीत चेरी म्हणून जे मिळते ते पुष्कळदा करवंदच असते. कच्ची करवंदे टोचून, बिया काढून, मिठाच्या पाण्यात ठेवतात. मग उकडून लाल रंग देतात आणि दिवसेंदिवस घट्ट होत जाणाऱ्या साखरेच्या पाकात मुरवतात. खरी चेरी काश्मीर व हिमाचल प्रदेशातली. तिच्या झाडाला फुलोरा येण्यापूर्वी हिवाळ्यात शेकडो तास कडाक्याची थंडी लागते. मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या वर जाणाऱ्या आपल्या वऱ्हाडात ती कशी रुजणार? मग मनात आले, चेरीच्या नावाने करवंद खपते, तर करवंदाच्या नावाने करवंदाचा जॅम का होऊ नये?

उन्हाळ्यात "डोंगरची काळी मैना" म्हणून विकायला येणारे हे फळ आपण मूठभर खातो आणि विसरतो. जॅमच्या दृष्टीने पाहिले तर ते चेरीपेक्षा सरस आहे. हे समजण्यासाठी जॅम घट्ट का होतो, हे आधी पाहू.

जॅमला तीन गोष्टी लागतात : पेक्टिन, आम्ल आणि साखर. पेक्टिन हा फळांच्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारा पदार्थ. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ब्राकोनो याने १८२५ साली त्याला हे नाव दिले. 'गोठलेला' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते आले आहे. फळ शिजले की पेक्टिनचे लांब धागे रसात सुटे होतात. आम्लामुळे त्यांचे एकमेकांना दूर लोटणे थांबते, साखर त्यांच्याभोवतीचे पाणी ओढून घेते आणि धाग्यांचे जाळे विणले जाते. त्या जाळ्यात रस अडकला की झाला जॅम.

गोड चेरीत पेक्टिन कमी आणि आंबटपणाही बेताचाच. म्हणून तिच्या जॅममध्ये लिंबाचा रस घालतात, कधी सफरचंदाचा गर तर कधी विकतचे पेक्टिन. करवंदात हे दोन्ही उपजतच भरपूर. चेरीला जे उसने घ्यावे लागते ते करवंदाच्या घरचेच आहे. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो असा!

तरीही माझा पहिला जॅम फसला. साखर महाग, शिवाय कमी गोड बरे, असा विचार करून एक किलो गराला मी अर्धाच किलो साखर घातली आणि गॅस वाचावा म्हणून लवकर उतरवले. जॅम सरबतासारखा पातळ राहिला आणि पंधरवड्यात त्यावर पांढरी बुरशी धरली. वरचा थर काढून खालचा वापरावा असे मला वाटले. पण बुरशीचे विष खालीही उतरलेले असू शकते, म्हणून सगळी बरणी फेकावी लागली. माय कधी शाळेत गेली नाही. ती म्हणाली, "टिकाचा असन तं साखर भरपूर पाह्यजे. साखर काय फक्त गोडीसाठी टाकतेत का?"

नेमके हेच शास्त्रही सांगते. दाट साखरेत पाणी इतके बांधले जाते की जंतूंना वाढायला ते उरत नाही. अन्न सुरक्षा व मानके यांच्या २०११ च्या नियमांत साधारण जॅमसाठी फळाचा भाग किमान ४५ टक्के आणि विद्राव्य घन पदार्थ किमान ६५ टक्के सांगितले आहेत. या घन पदार्थांत मुख्य भाग साखरेचाच.

दुसऱ्या वेळी जमलेली कृती अशी. तीन भाग पिकलेली काळी व एक भाग अर्धवट पिकलेली लालसर करवंदे घ्यावीत. पिकलेल्यांनी रंग येतो, अर्धकच्च्यांत पेक्टिन जास्त असते. देठ काढून फळे मिठाच्या पाण्यात घालावीत, म्हणजे चीक निघतो. मग स्वच्छ धुऊन, थोडे पाणी घालून, स्टीलच्या पातेल्यात पंधरा मिनिटे शिजवावीत. फळ आंबट असल्यामुळे कल्हई नसलेले पितळेचे किंवा तांब्याचे भांडे घेऊ नये. शिजलेली फळे पुरणाच्या चाळणीतून घासली की बिया वर राहतात. गराइतकीच साखर घालून ती विरघळेपर्यंत मंद आणि नंतर मोठ्या आचेवर ढवळत शिजवावे. फार वेळ रटरटू दिले तर पेक्टिन तुटते.

जॅम झाला हे कसे ओळखावे? गार ताटलीत थेंब टाकून बोटाने ढकलावा. सुरकुती पडली की उतरवावे. वजनाने पाहायचे तर साखरेच्या सुमारे दीडपट भरले पाहिजे. तापमापक असेल तर पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या ४ ते ५ अंश वर. खामगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंच असल्याने आपल्याकडे पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळते. म्हणून पुस्तकातल्या १०५ अंशांची वाट पाहत बसू नये. बरण्या पाण्यात दहा मिनिटे उकळून, कोरड्या करून, जॅम गरम असतानाच काठोकाठ भरावा आणि झाकण घट्ट लावावे.

मायजवळ तापमापक नाही. मुरंब्याचा पाक ती दोन बोटांत धरून तार पाहते आणि लिंबू पिळते, नाहीतर पाकात साखरेचे खडे धरतात असे सांगते. आम्ल साखरेचे अंशतः विघटन करते, म्हणून खडे धरत नाहीत, हे मी वर्गात शिकले. तिला कारण ठाऊक नव्हते, मला कृती ठाऊक नव्हती.

पाट्यांतून करवंदे आणणाऱ्या बायांचा उरलेला माल दोन दिवसांत सुकतो, नासतो. मग संध्याकाळी पडेल त्या भावात विकावा लागतो. पिकते तिथे विकत नाही म्हणतात, ते खरेच. पण तेच फळ बरणीत शिरले तर दोन दिवसांऐवजी कित्येक महिने टिकते.

प्रात्यक्षिकाच्या वहीत एक रकाना असतो : 'कृतीत केलेला बदल व त्याचे कारण'. मी लिहिले : चेरीऐवजी करवंद, कारण पेक्टिन व आम्ल अधिक. घरी मायने बोटभर जॅम चाखला आणि म्हणाली, "हा तं आपला मुरंबाच होय!" ते मात्र वहीत लिहायला रकाना नव्हता, म्हणून येथे लिहिले.