दोन इंजिनांची जेट बोट : दोष शोधायचा कसा?

फुग्यातली हवा सोडली की फुगा उलट्या दिशेला पळतो, हे मुलांना माहीत असतं. जेट बोट याच तत्त्वावर चालते. तिला बाहेर पंखा नसतो. इंजिन आतला पंप फिरवतं, पंप तळाच्या जाळीतून पाणी ओढतो आणि मागच्या तोंडातून जोरात फेकतो. न्यूझीलंडच्या विल्यम हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात उथळ नद्यांसाठी ही बोट यशस्वी केली. १९७७ मध्ये एडमंड हिलरी अशाच बोटींनी गंगेतून वर गेले होते.

मुलांसमोर ठेवायचं कोडं

समजा, एका बोटीत दोन सारखी इंजिनं आहेत. दोन्ही पूर्ण जोरात सोडली. डाव्याचे मिनिटाला ४००० फेरे, उजव्याचे ३५००. बिघाड कुठल्या बाजूला?

बहुतेक मुलं म्हणतील, "उजव्या, कारण आकडा कमी." इथेच थांबायचं आणि विचारायचं, "या बोटीचा नेहमीचा आकडा किती?"

१. नेहमीचा आकडा ४००० असेल तर उजवं इंजिन कमी पडतंय. बोट उजवीकडे वळू पाहते. पेट्रोल, हवा, ठिणगी यांपैकी काहीतरी नीट मिळत नाही.

२. नेहमीचा आकडा ३५०० असेल तर दोष डावीकडे! जाळीत गवत अडकलंय किंवा पंप हवा ओढतोय. पाण्याचा भार कमी झाला म्हणून इंजिन मोकळं फिरतंय. फेरे जास्त, पण जोर कमी. बोट डावीकडे वळू पाहते.

म्हणजे आकडे तेच, उत्तरं उलटी.

शोधायची पद्धत

- आधी सोपं बघायचं. मीटर बरोबर आहे का? दोन्ही थ्रॉटल सारखे उघडतात का? माणसं एकाच बाजूला बसली आहेत का?
- मग जाळी. इंजिन बंद, चावी काढलेली, तरच हात घालायचा.
- इंजिनावर संशय असेल तर अदलाबदल. उजवे स्पार्क प्लग डावीकडे, डावे उजवीकडे. दोष प्लगसोबत गेला तर प्लग खराब. तिथेच राहिला तर प्लग निर्दोष. मग फिल्टर, मग कॉइल.
- एका वेळी एकच बदल. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर बोट सुधारेलही, पण कशामुळे ते कळणार नाही.

हे टाळून चालत नाही. जेट बोट पाण्याच्या झोतानेच वळते. झोत गेला की वळणंही जातं, आणि समोर खडक असू शकतो.

वर्गात किंवा घरी

दोन सारख्या टॉर्च घ्या. एकीत जुने सेल घाला. मुलांना सांगू नका. वहीत तीन रकाने आखायला लावा: काय बदललं, काय झालं, काय कळलं. घाईने सगळं बदलणारा गट आणि एकेक बदलणारा गट, दोघांच्या वह्या शेजारी ठेवा. फरक मुलंच सांगतील.

पालकांसाठी एकच सांगणं. दोन भावंडांचे गुण शेजारी ठेवून कमी आकड्याला दोष देण्याआधी, त्या मुलाचा नेहमीचा आकडा काय होता ते बघा. आणि सुधारणा करताना क्लास, वेळापत्रक, वह्या सगळं एकदम बदलू नका.

मुलांना विचारा : दोन्ही इंजिनांचे फेरे सारखेच कमी झाले, तर अदलाबदल करून दोष सापडेल का?