दुखणं गेलं, ताकद कुठे आली?

गुडघ्याचं ऑपरेशन होऊन घरी आलेल्या माणसाच्या गुडघ्याखाली उशी ठेवू नका. एवढं एकच वाक्य वाचून तुम्ही पान उलटलंत, तरी माझं लिहिणं वाया गेलं असं मी म्हणणार नाही.

आमच्याकडे ती उशी सासूबाईंनी ठेवली. भेटायला आलेल्या आत्यांनी तिच्यावर आणखी एक चढवली. दोघींचा हेतू चांगलाच होता, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटतं. गुडघा थोडा वाकलेला असला की आतल्या सुजेला जागा मिळते, ठणका उतरतो. पण रात्रंदिवस पाय तसाच राहिला की सरळ होतानाचे शेवटचे पाच-सात अंश अडकून बसतात. ऐकायला ते काहीच वाटत नाही. मात्र तेवढ्यानंच माणूस लंगडतो, मांडीवर कायम ताण राहतो आणि पुढे गुडघ्याची वाटी दुखायला लागते. गुडघा वाकणं हळूहळू येतं, त्याची घाई नसते. सरळ होणं मात्र पहिल्या काही आठवड्यांत साधलं नाही तर मागाहून फार झगडावं लागतं. उशी द्यायचीच तर टाचेखाली द्या. टॉवेलची घट्ट गुंडाळी टाचेखाली, गुडघा अधांतरी, आणि सोसवेल तितका वेळ तसंच पडून राहायचं. दुखतं, कंटाळा येतो, मोबाइल बघत काढायचा वेळ.

मी नालासोपाऱ्यातल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे, राहते विरारला. माझं लिगामेंट गेलं ते मुलींना खो-खोच्या खांबाला वळसा कसा मारायचा हे दाखवताना. कुणी ढकललं नव्हतं, मी पडलेही नव्हते. पाऊल जमिनीत रुतलेलं राहिलं, अंग फिरलं आणि आत काहीतरी तुटल्याचा आवाज माझ्या मलाच आला. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म फुगला. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या मधोमध आडवं-तिरकं असलेलं पुढचं लिगामेंट, बहुतेकदा असंच जातं. पाय अचानक वळताना, थांबताना, उडीवरून उतरताना. पिळवटल्यानंतर काही तासांतच गुडघा भरून आला तर आत रक्त साचलंय असं समजावं आणि हाडांच्या डॉक्टरकडेच जावं.

मला एका दवाखान्यात एक्स-रे काढून सांगितलं गेलं की हाड शाबूत आहे, नुसता मुरगळलाय. एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसतच नाही. ते हातानं तपासून आणि एमआरआय काढून कळतं. त्यामुळे पुढचे कित्येक दिवस तेल, पट्टी आणि ‘अगं चाललीस की मोकळा होईल’ यांत गेले. सूज उतरली, मी चालायला लागले, आणि एक दिवस स्टेशनच्या पुलावरून उतरताना गुडघा सपशेल निसटला. लिगामेंट नसलेला गुडघा असा वारंवार निसटला की आतली गादी, मेनिस्कस, फाटत जाते. लिगामेंट नवं घालता येतं, झिजलेली गादी परत मिळणं कठीण.

ऑपरेशन करायचं की नाही, हा प्रश्न मात्र वाटतो तितका सोपा नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळत्या माणसांवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन आणि सोबत व्यायाम. उरलेल्यांना आधी व्यायाम, गुडघा निसटतच राहिला तरच ऑपरेशन. पाच वर्षांनी पाहिलं तर दुसऱ्या गटातल्या जवळपास निम्म्यांना ऑपरेशन लागलंच नव्हतं, आणि दोन्ही गटांच्या गुडघ्यांत म्हणावा असा फरक नव्हता. ज्याला सरळ रेषेत चालायचंय, दुकानात बसायचंय, त्यानं हा पर्याय डॉक्टरांना जरूर विचारावा. मला वळणावळणाचा खेळ शिकवायचा होता आणि गादीही थोडी फाटली होती, म्हणून माझं ठरलं. पण दोन्ही वाटांवर व्यायाम चुकत नाही. उलट ऑपरेशनच्या आधी मांडी जितकी भक्कम आणि गुडघा जितका सरळ, तितकं नंतरचं सोपं.

ऑपरेशननंतर मला हबकवलं ते दुखण्यानं नव्हे. आमची फिजिओ वयानं माझ्याहून बरीच लहान, मला ताई म्हणायची. तिनं गुडघ्याखाली पातळ टॉवेल ठेवला, माझ्या मांडीवर तळहात टेकवला आणि म्हणाली, “ताई, टॉवेल खाली दाबा.” मी दाबला. दात आवळले, पोट आत गेलं, दुसऱ्या पायाचा अंगठासुद्धा ताठ झाला. मांडी मात्र ढिम्म. तिनं माझाच हात धरून तिथे ठेवला. वाटीच्या वर आतल्या बाजूला जो फुगवटा असतो तो नव्हताच, आणि हाताखाली काही हललंही नाही. आयुष्यभर ज्या मांडीच्या जोरावर धावले तिनं सांगितलेलं ऐकायचंच सोडलं होतं.

तिनं समजावलं ते असं. गुडघ्यात सूज असली की मज्जासंस्था स्वतःहून मांडीच्या स्नायूला जाणारा हुकूम अडवते. स्नायू नुसता अशक्त नसतो, तो बंद केलेला असतो. म्हणून सुरुवातीला बर्फ, पाय उंच ठेवणं आणि दिवसातून अनेकदा टॉवेल दाबणं, हाच व्यायाम. दाबताना वाटी मांडीकडे सरकताना दिसली पाहिजे. मग पाय ताठ ठेवून उचलायचा. उचलताना गुडघा जरासा जरी वाकला तरी ते उचलणं हिशेबात धरायचं नाही. कुबड्या कधी सोडायच्या? तारीख बघून नव्हे, लंगडणं थांबल्यावर. लंगडत चालण्याची सवय लागली की ती मोडायला गुडघा बरा करण्याहून जास्त वेळ लागतो.

याच काळात पोटरी दुखून सुजली किंवा दम लागला तर वाट बघू नका, रक्ताची गुठळी असू शकते. ताप आला, जखमेतून पाणी आलं तरी सरळ हॉस्पिटल गाठा.

मग येतो तो काळ ज्यासाठी मी हे लिहायला बसले. साधारण दीड महिन्यानंतर सूज गेलेली असते, टाके सुकलेले असतात, माणूस घरात बिनआधार फिरतो. शेजारचे म्हणतात, “झालीस की बरी!” आपल्यालाही तसंच वाटतं. आणि नेमकं तेव्हाच आतलं नवं लिगामेंट सगळ्यात कच्चं असतं. ते आपल्याच मांडीमागच्या किंवा वाटीखालच्या कंडऱ्यातून काढून बसवलेलं असतं. आधी ते मेल्यात जमा होतं, मग त्यात हळूहळू रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी येतात आणि महिनोन्‌महिन्यांनी त्याचं लिगामेंट बनतं. सहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या आसपास त्याची ताकद पार खाली गेलेली असते. आमच्या वाड्यांतले लोक चिकूचं कलम लावलं की पहिल्या वर्षांतला बहर खुडून टाकतात. झाड टवटवीत दिसतं, फळ धरायची तयारी दाखवतं, तरी. तसंच हे.

दुखत नाही म्हणून फिजिओ बंद करणारे मी इतके पाहिले की आता मोजत नाही. त्यांच्यात निम्मे खर्चामुळे थांबतात, तेही समजण्यासारखं आहे. पण खर्च कशावर होतो ते बघा. एका ठिकाणी मला रोज पालथं पाडून शेक द्यायचे, वायर लावून मुंग्या आणायचे आणि वीस मिनिटांनी ‘उद्या या’ म्हणायचे. अंगाला बरं वाटायचं. मांडी तेवढीच. वायर लावून मांडीचा स्नायू आखडवणारं मशीन सुरुवातीला उपयोगी पडतं, पण त्यासोबत तुम्ही स्वतः स्नायू आवळत असाल तर. शेकानं आणि मालिशनं स्नायू वाढत नाही. स्नायू वाढतो वजनानं, आणि वजन वाढवत नेलं तरच. खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं, मग बुटक्या पायरीवर चढणं, मग एका पायावर बसून उठणं, मग जिममधलं लेग प्रेस. महिन्यातून दोनदा फिजिओला नीट दाखवून बाकी घरी इमानदारीनं केलंत, तर रोजच्या शेकाहून ते स्वस्त आणि जास्त कामाचं. कंडरा मांडीमागून घेतला असेल तर मागच्या स्नायूला जोर कधी द्यायचा, आणि गादी शिवली असेल तर किती वाकायचं, हे मात्र सर्जनला विचारूनच. खाली बसायच्या संडासाचा प्रश्नही तेव्हाच विचारून घ्या, संकोच नको. आणि ताटाकडे बघा. आपल्या वरणभातात भात ढीगभर आणि वरण नावाला असतं. डाळ, अंडी, मासळी, जे चालत असेल ते दोन्ही जेवणांत हवं.

घरी मोजायचं एक साधन आहे, शिंप्याची टेप. वाटीच्या वरच्या कडेपासून दहा सेंटिमीटरवर खूण करून दोन्ही मांड्यांचा घेर बघा. घेर म्हणजे ताकद नव्हे, पण फरक डोळ्यांना दिसला की नवरा, सासू, ऑफिसातले साहेब, सगळ्यांची तोंडं बंद होतात.

आमच्या मैदानावर मुलं मला ऐकवायची, “मॅडम, पृथ्वी शॉ सहा महिन्यांत परत खेळायला लागला.” पृथ्वी विरारचा, किटबॅग घेऊन लोकलनं वांद्र्याला जाणारा तो पोरगा इथल्या प्रत्येक मुलाला तोंडपाठ. ऑगस्ट २०२३ मध्ये इंग्लंडात नॉर्दम्प्टनशायरकडून त्यानं सॉमरसेटविरुद्ध २४४ धावा केल्या, चार दिवसांनी डरहॅमविरुद्ध नाबाद १२५, आणि त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना गुडघ्याचं लिगामेंट दुखावलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो मुंबईकडून रणजीत उतरला आणि लगेच छत्तीसगडविरुद्ध १५९ धावा काढल्या. खरं आहे. पण मी त्यांना ऋषभ पंतही सांगते. ३० डिसेंबर २०२२ ला अपघात, जानेवारीत मुंबईत लिगामेंटचं ऑपरेशन, आणि मैदानात परत आला तो मार्च २०२४ मध्ये. प्रत्येकाचं तुटलेलं वेगळं, आणि त्यांच्यामागे दिवसभर राबणारी माणसं असतात. आपल्याला त्याच गुडघ्यानं संध्याकाळी भाजीही आणायची असते. दुसऱ्याच्या तारखेवर आपला गुडघा चालवू नये.

इथली म्हणून काही पथ्यं आहेत, ती कुठल्या छापील कागदावर मिळत नाहीत. विरार लोकलच्या गर्दीत पावलं खाली इतरांच्या पावलांत अडकलेली असतात आणि दारापाशी लोंढा आपलं अंग फिरवतो. लिगामेंट तुटण्याची हीच तर रीत. म्हणून चर्चगेटपर्यंत जाणाऱ्यांनी विरारहून सुटणारी गाडी धरून बसायची जागा मिळवावी, नाही तर वेळ बदलून घ्यावी. आणि उतरण्याच्या घाईत गाडी थांबायच्या आधी उडी, हे तर कायमचं विसरावं. पुलावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि ऑपरेशनचा पाय आधी. उतरणं चढण्याहून अवघड असतं, कारण अंगाचं वजन मांडीनं धरून हळूहळू खाली सोडायचं असतं. सासूबाईंनी माझ्या वतीनं परस्पर नवस बोलला होता, की सून जीवदानीला पायी चढून येईल. हजाराहून जास्त पायऱ्या, आणि तितक्याच उतरायच्या! मी रोपवेनं जाऊन आले. देवीनं काही म्हटलं नाही, सासूबाई थोड्या म्हणाल्या. पावसात शेवाळलेल्या गल्ल्यांत सपाता नकोत. कळंब-राजोडीच्या किनाऱ्यावर चालायचं तर ओल्या, घट्ट वाळूवर. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाऊल वळतं. ज्यांच्या गावात बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, आहे त्यांना पोहायचा मोह होणार. जखम पूर्ण भरेपर्यंत त्या पाण्यात उतरू नका, आणि नंतरही बेडकासारखे पाय मारण्याची घाई नको, त्यात गुडघा पिळला जातो.

पळायचं कधी? सरळ रेषेत, सावकाश, तीन-चार महिन्यांनंतर, तेही सूज नसेल आणि एका पायावर नीट बसता-उठता येत असेल तर. डिसेंबरातल्या वसई-विरार मॅरेथॉनची नोंदणी कुणाच्या आग्रहाखातर करू नका. वळायचा, उडीचा, धडकेचा खेळ नऊ महिन्यांच्या आत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत खेळणं जितके महिने लांबवलं, त्यातल्या प्रत्येक महिन्यागणिक गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यानं कमी झालं. आणि नऊ महिने भरले म्हणजे परवानगी मिळाली असंही नाही. मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के, एका पायावर लंगडी घालत मारलेली उडी तितक्याच अंतराची, आणि उतरताना गुडघा आत न झुकणारा, हे तपासून घ्यायचं.

हा शेवटचा मुद्दा मी आता मुलींच्या बाबतीत धरून बसते. हे लिगामेंट मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त वेळा तुटतं. जानेवारी २०२५ मध्ये प्रियांका इंगळेच्या संघानं दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकल्यापासून आमच्या मैदानावर मुलींची गर्दी वाढली आहे. खेळायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं त्या उड्या मारतात. दोन्ही पायांवर, मग एका पायावर. मी समोर उभी राहून फक्त गुडघे बघते. गुडघा पावलाच्या रेषेत राहिला पाहिजे, एकमेकांकडे झुकता कामा नये, आणि उतरताना आवाज कमी यायला हवा. त्यांना हे भयंकर कंटाळवाणं वाटतं. एकीनं मला परवा विचारलं, “बाई, खो-खो कधी सुरू होणार?” मी तिला आणखी दहा उड्या दिल्या.